आरशाखालची अक्षता

१८ नोव्हेंबर १९९४

परत धूसर! दसऱ्यापासूनची ही पाचवी चकती. लेझरचा उजेड आरशावर आपटून परत फिरतो, त्याचे पट्टे जागच्या जागी उभे राहतात, आणि वाफ झालेल्या क्रोमियमच्या अणूंनी त्या पट्ट्यांतून जाऊन चकतीवर ओळीने बसायचं. केसाच्या जाडीत तीनशे रेघा. सप्टेंबरात आलेल्या की! आता नुसता लेप. भांड्याला कल्हई केल्यासारखा.

२१ नोव्हेंबर

सर म्हणाले, "पंधरा डिसेंबरपर्यंत रेघा दाखवा, नाहीतर यंत्र गोविंदाकडे." गोविंदा माझ्यानंतर दोन वर्षांनी आला. चार वर्षं पंपाची घरघर मी ऐकायची आणि पीएचडी त्याची? कोळीवाड्यात जो भेटेल तो विचारतो, शालू डॉक्टर कधी होणार. डोकं फिरलंय.

२५ नोव्हेंबर

आरसा आणि चकती एका चौकटीत घट्ट बसवलेत. दोघं एकत्र थरथरले तर चालतं. आरसा एकटा हलला की रेघा पुसल्या. म्हणजे आरसाच ढिला आहे. पण सर स्क्रू सोडू देत नाहीत – "जुळवणी बिघडेल." बिघडायचं राहिलंय काय?

२९ नोव्हेंबर

सोडले स्क्रू. न विचारता. आरशाखाली तांदळाचा दाणा! हळद लावलेली अक्षता.

धाकूमामा, दुसरं कोण? लॅबचे शिपाई, दर दसऱ्याला यंत्राची पूजा तेच करतात. जाऊन गाठलं. म्हणे, "ताई, मी भायेरून फूल ठेवलं. आत हात नाय घातला." वर खोटंही बोलतात! माझे दीड-दोन महिने मातीत गेले. तक्रार लिहिली, सही केली, सरांच्या टेबलावर आपटली.

१ डिसेंबर

मामांना काढलं. रोजंदारीवरचा माणूस, एका शब्दात गेला. जाताना डबा पिशवीत घालून माझ्या टेबलाशी थांबले, "येतो ताई" म्हणाले. मी मान वर केली नाही. राग अजून गेलेला नाही.

९ डिसेंबर

दाणा काढून आरसा परत घट्ट बसवला, आणि रेघा! मायक्रोस्कोपचा फोटो आला. एकीला एक लागून, सरळ. सर तो फोटो घेऊन प्रत्येक खोलीत फिरले. यंत्र माझ्याकडेच राहणार. गोविंदाचं तोंड बघण्यासारखं झालेलं.

१० डिसेंबर

घरी फोटो दाखवला. आई हात जोडून म्हणाली, "दसऱ्याला अक्षता दिलेल्या ना तुला, मशिनीवर टाकायला? त्यांचाच गुण गं."

दिलेल्या. उशीर होत होता. चिडून, न बघता, उघड्या झाकणातून पुडी झटकली होती मी.

मामा तिकडे दिवा स्टेशनला राहतात, एवढंच माहीत आहे. दिव्यात कुठे, ते चार वर्षांत कधी विचारलं नाही.