पुढची गोळी थांबवलीस तेव्हा

सूनबाई,

घटस्फोटानंतर तुला असं म्हणायचा हक्क उरला नाही, पण दुसरी हाक तोंडात येत नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या लेकाला तू नर्स आहेस त्याच वॉर्डात आणलं, तेव्हा हात थरथरत होते, जीभ अडखळत होती. मला वाटलं, प्यायला लागला. तू खाटेपाशी आलीस आणि विचारलंस, "जुलाब झाले होते का? त्यातही मनाच्या आजाराची गोळी चालूच होती?" मी हो म्हणताच तू पुढची गोळी थांबवलीस, डॉक्टरांना बोलावलंस, रक्त तपासायला पाठवलंस. जुलाबानं अंगातलं पाणी-मीठ कमी होऊन औषध अंगात साठलं होतं.

तो सावरल्यावर तू समजावलंस, "पाणी भरपूर प्या. मीठ एकदम सोडू नका. पुन्हा जुलाब झाले तर आधी इथे फोन करा." शेजारच्या पेशंटशी बोलतेस तशीच, तितक्याच मायेनं.

तो मान खाली घालून म्हणाला, "तुला फार त्रास दिला मी."

सलाईन नीट करत तू म्हणालीस, "तेव्हा तुम्ही आजारी होता. आता बरं राहायचं बघा."

'घरी परत ये' असं लिहायला बसले होते. पण तुला तिथं ताठ मानेनं वावरताना पाहिलंय, आणि ते शब्द कागदावर उतरेनात. तुला पुन्हा या घरात ओढायचं नाही, म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही.

तुझी,
आई