डावा खांदा

दि. ९

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

पार्सल सणाच्या आदल्या दिवशी पोचलं. वसतिगृहाच्या सामाईक स्वयंपाकघरात आम्ही सण केला. आईनं कळवलेलं गोड मी करपवलं, तरी चौघी मैत्रिणींनी पातेलं खरवडून खाल्लं. तुम्ही शिवलेली चारही जाकिटं घालूनच त्या जेवायला बसल्या. मापं मी दोरीनं घेतली होती, तरी एक बटणसुद्धा हलवावं लागलं नाही.

आता लाजेचं लिहिते. आमच्यातल्या लंबूचा डावा खांदा लहानपणापासून उतरता आहे. तिनं ते कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मापांसोबत पाठवलेल्या फोटोवरून तुम्ही ओळखलंत आणि दोन्ही खांदे सारखे दिसावेत म्हणून तिथं आतून पातळ पट्टी घातलीत. ती आरशासमोरून हलेचना. मग रडली, आणि हे कुणी शिवलं म्हणून मागे लागली. इथं आल्या आल्या मी सगळ्यांना सांगून बसले होते, की बाबांचा कपड्यांचा मोठा व्यवसाय आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, की आमचा एक जुना टेलर आहे. बाबा, तुमच्या मशीनच्या आवाजात मी शाळेपासून अभ्यास केला, आणि त्या मशीनवर बसणारा माणूस माझा कोण, हे सांगायची मला लाज वाटली.

लंबूनं त्या टेलरला इंग्रजीत आभाराचं पत्र लिहिलंय. सोबत मराठीत उतरवून पाठवते. रागवा, पण अबोला धरू नका.

तुमची,
छकुली

दि. २३

चि. छकुलीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. तुझ्या आईला अर्धंच वाचून दाखवलं, करपलेल्या गोडाचं. पोट धरून हसली. उरलेलं मापांच्या वहीत ठेवलं आहे. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. त्या दिवशी एकाच झब्ब्याची बाही दोनदा उलटी जोडली. दुकानातला कारागीर बघत राहिला.

तुझ्या मैत्रिणीला उत्तर लिहिलं आहे. जाकीट गार पाण्यात धुवावं, पिळू नये, पट्टी सरकेल, एवढंच. तुझं तिथं हसं नको, म्हणून खाली सही 'जुना टेलर' अशी केली आहे. वाचून दाखव. जेवणाची हेळसांड करू नकोस. माया होती तेवढीच आहे.

बाबा

दि. ६

ती. बाबांस,

काल त्याच स्वयंपाकघरात चौघींना बसवून तुमचं उत्तर इंग्रजीत करून वाचलं. पिळू नये, इथवर आवाज धड होता. सहीपाशी आले आणि अडले. ते दोन शब्द मी वाचले नाहीत. त्या जागी 'बाबा' वाचलं, आणि मग सगळं सांगून टाकलं.

मला मान वर करवेना. शेवटी लंबू म्हणाली, की मग टेलरला नको, बाबांनाच नमस्कार कळव. तो कळवते आहे.

माझा नमस्कार नेहमीसारखा वर लिहायला हात धजला नाही. तो इथं खाली, तुमच्या पायांपाशी.

छकुली