तुमच्या घरातलं भांडण

प्रिय छोटी,

लेकीची परीक्षा कधी संपणार, असं तू दोनदा विचारलंस. सांगते, पण आधी दुसरंच सांगू दे.

मागच्या सुट्टीत मी तिला न्यायला तुझ्याकडे आले, तेव्हा दार उघडंच होतं. तू आणि भावजी स्वयंपाकघरात कडाकडा भांडत होतात. कारण काय, तर तुझ्या शिवणाच्या कात्रीने त्यांनी नळाचा पाइप कापला. "प्लंबर आहात ना? मग स्वतःची हत्यारं कुठे गेली?" तू ओरडलीस. भावजी म्हणाले, "तुझ्या जिभेपुढे सगळी बोथट!" आणि तुला हसू आवरेना. माझी लेक ओट्यावर बसून वाटाणे सोलत होती आणि चूक कुणाची याचा निवाडा देत होती. घरी जेवताना मान वर न करणारी माझी लेक!

आमच्याकडे भांडण नसतं. किती शांत घर, असं येणारेजाणारे म्हणतात. हे शाळेतून आले की खोलीत वह्या तपासत बसतात. मी दवाखान्यातून आले की पोळीभाजी करून झाकून ठेवते, ज्याला भूक लागेल तो घेतो. मीठ मागायचीही वेळ येत नाही, कारण टेबलाशी एका वेळी एकच माणूस असतं. अठरा वर्षांत यांनी कधी आवाज चढवला नाही. मीही हळूहळू काही मागायचं सोडून दिलं.

त्या दिवशी परतताना लेक म्हणाली, "आई, मावशीकडे ना, घरी आल्यासारखं वाटतं." मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुला माझ्यापेक्षा लवकर दात आले, तुझं गाणं चांगलं, तू बाबांची लाडकी, हे सगळं मी गिळलं गं. पण माझी पोरसुद्धा तुलाच?

परीक्षा कधीच संपली. ती बॅग भरत होती, तेव्हा मी म्हटलं, "मावशी म्हणत होती, तुझ्या येण्याने त्यांना फार अडचण होते." तू असं कधीच म्हणाली नाहीस. तिने एकेक कपडा परत कपाटात ठेवला, एक शब्द न बोलता, अगदी तिच्या बाबांसारखी. तेव्हापासून ताटही खोलीत नेते. आज सकाळी मी तिला खरं सांगितलं, पण तिचा विश्वास बसलेला नाही. तिला वाटतं, मी आता समजूत घालतेय. म्हणून तूच ये आणि तिला घेऊन जा. आणि आल्यावर माझी बाजू सांभाळू नकोस. तिच्यासमोर, यांच्यासमोर, मोठ्याने भांड माझ्याशी. आमच्यापैकी कुणाला ते जमत नाही.

वाट बघतेय.

तुझीच,
तुझ्यावर जळणारी ताई