दुसऱ्या माळेचं पाणी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

आज आलेलं — साखर दोन किलो, ८८. दिव्याचं तेल अर्धा लिटर, ७५. नागपूर हायकोर्टाचा कागद, पोलिसाच्या हातून, त्याचे पैसे नाहीत. त्याला चहा दिला. सही मी केली.

कागद इंग्रजीत. माझं दहावीचं इंग्रजी पुरलं नाही, पण अतुलचं नाव वाचता आलं. ह्यांच्या सख्ख्या बहिणीचा, विमलताईंचा पोरगा. आमच्या रुपालीच्या केसमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, दोन वर्षं जेलात आहे. आता अपील. पोलीस म्हणाला, २६ तारखेला सुनावणी. पानांचे फोटो काढून रुपालीला पाठवले.

९ सप्टेंबर

पोथी घेऊन बसले. एकाच ओवीवर बोट राहिलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

रुपालीचा यवतमाळहून फोन, दवाखान्यातली ड्युटी संपल्यावर. तिनं सगळी पानं वाचली. अतुलचा वकील म्हणतो — तक्रार आठ दिवसांनी केली. डॉक्टरच्या तपासणीत काही सापडलं नाही. म्हणजे उरलं फक्त मुलीचं बोलणं. आणि ती म्हणते, आईला त्याच संध्याकाळी सांगितलं, आईनं अंघोळ घातली. आई म्हणते, मला आठ दिवसांनी कळलं, मुलीनं स्वतःच अंग अन् कपडे धुतले. मग हिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

हे सगळं तिनं दुसऱ्या कोणाचं असावं तसं वाचून दाखवलं. मग म्हणाली,

"आई, पाणी तूच तापवलं होतं ना? मले सांग फक्त. कोर्टाले नको सांगू."

हे बाजूलाच बातम्या पाहत बसलेले. मी विचारलं, जेवलीस का?

तिनं फोन ठेवला नाही. मीच ठेवला.

१२ सप्टेंबर

हे जेवताना म्हणाले, त्या दिवशी पोरीनं अंग धुतलं नसतं तर डॉक्टरला सापडलं असतं, ही वेळच आली नसती. चार वर्षं हेच म्हणतात. तिच्याशी धड बोलत नाहीत.

मी भाजी वाढली.

१४ सप्टेंबर, रविवार

विमलताई आल्या. मला वाटलं भांडतील. कोहळं आणलं होतं, वाड्यातल्या वेलाचं — म्हणजे त्यांच्या गोठ्यामागच्या. बसल्या. अतुल वाळला म्हणाल्या, भेटायला गेलं की पायाकडं पाहतो. मी चहा ठेवला.

"म्या तुले कधी वाकडं बोलली का, वयनी? कोर्टात तूच खरं बोलली. तुले काही माहीतच नव्हतं. माया पोरगा आता तुयाच शब्दानं सुटते पाह्य."

जाताना माझ्यापुढं हात जोडले. देवीपुढं जोडतात तसे.

त्यांचं दार आमच्या दारासमोर. तो सुटला तर तिथंच येणार. रुपालीनं मागंच सांगितलं आहे, मग मी या गावात पाय ठेवणार नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

बसनं पुसदला गेले, अर्ध्या तिकिटात. ह्यांना सांगितलं, गहू पाहून येते. सरकारी बाजूचं काम पाहिलेल्या वकिलांना भेटले. पोरगाच आहे वयानं. म्हणाला, डॉक्टरचा कागद कोरा असला तरी बाईचं बोलणं खरं वाटलं तर तेवढ्यावर शिक्षा टिकते. खालच्या कोर्टानं तेच केलं. मला बरं वाटलं. मग त्यानं पान उलटलं.

"काकू, पोरगी कुठंच डळमळली नाही. फक्त हा एक जबाब आडवा येऊन राह्यला. हा तुमचाच ना?"

मी म्हटलं, चुकला असला तर? तो म्हणाला, अपिलात सहसा नवीन साक्ष घेत नाहीत, जे लिहून आलं तेच तपासतात. अर्ज करता येतो. मानायचा का नाही ते कोर्ट ठरवील. आणि शपथेवर खोटं बोललं असेल तर ते वेगळं निस्तरावं लागतं.

माझ्याकडं पाहिलं नाही. तेवढी लाज राखली माझी.

गहू नाही आणला.

१८ सप्टेंबर

शपथ घेताना माझा हात थरथरला नव्हता. तेच आठवतं.

२१ सप्टेंबर, रविवार. अमावस्या

देव्हाऱ्याखालच्या पेटीतून २०२१ ची वही काढली. हे समजतात, मी वाण्याचा हिशेब लिहिते.

८ ऑक्टोबरचं पान. माझंच अक्षर — 'दुसरी माळ. रु. संध्याकाळी तुरीतून आली. अतुलचं सगळं सांगितलं. पाणी तापवून अंघोळ घातली. निळा ड्रेस सोड्यात भिजवला. सोडा १०. ती म्हणाली, ठाण्यात जाऊ. मी म्हटलं, घरात घट बसले आहेत, दिवा विझेल. घट उठू दे, मग पाहू. दसऱ्यापर्यंत तोंड उघडायचं नाही.'

दिवा विझला नाही. नऊच्या नऊ माळा झाल्या. पोरगी त्याच खोलीत भिंतीकडं तोंड करून निजलेली. मी दर दोन तासांनी उठायची — तेल घालायला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. पुढं कोर्टात विचारलं तेव्हा भीती वाटली, पुरावा धुतला म्हणून मलाच धरतील. हे घराबाहेर काढतील. म्हणून सगळं तिच्यावर टाकलं. ती समोर बाकावर बसून ऐकत होती.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसवला नाही. ह्यांनी विचारलं, काहून? मी जुनी वही पुढं ठेवली. वाचली. हे न जेवता वावरात गेले.

वही रुपालीला पाठवली. पोस्टात म्हणाले, आता रजिस्टर बंद, स्पीड पोस्टच. सोबत चिठ्ठी —

'रुपाली, पाणी मीच तापवलं होतं. ही वही आता तुझी. कोर्टात द्यायची तर मी येते, पुन्हा शपथ घेते, होईल ते होऊ दे. चुलीत टाकायची तर टाक. मागं तुला विचारलं नव्हतं. आता तू सांगशील तसं. फोनवर नको, तुझ्या अक्षरात लिही. उलट टपाली कळव.'