कमलमावशीचं मौन

चोपडा, १ ऑगस्ट १९८८

चि. कुंदास मावशीचे अनेक आशीर्वाद.

धुळ्याहून सुखरूप पोचले. तू काम करतेस त्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून सूज पाहिली आणि पंधरा दिवस बोलायचं नाही म्हणाले, ते अगदी पाळते. अगदीच अडलं तर कुजबुजते. रोज गरम तूपही पिते, गळा आतून ओला राहावा म्हणून. पण श्रावणातला कानबाईचा सण तोंडावर आला गं. गाणी मीच सांगायची असतात, बठ्ठ्या बाया, अगदी सगळ्या, विचारून जातात. आवाज परत येईल ना? मला फार भीती वाटते. तुझे काका तर जन्माचे अबोल, त्यामुळे घरात भांडी वाजतील तेवढीच.

माझ्यावर तुझी माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी कमलमावशी

धुळे, ५ ऑगस्ट

ती. मावशीस शि. सा. न.

पत्र वाचून मी कपाळावर हात मारला. अगं, कुजबुजणं म्हणजे मौन नव्हे! गळ्यावर पुढे हात ठेवून आवंढा गिळ. वर सरकतं ते तुझं स्वरयंत्र, कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, छोटी डबीच. तिच्यात दोन स्वरतंतू असतात. श्वास घेताना ते एकमेकांपासून दूर होतात. बोलताना जवळ येऊन हवेने थरथरतात, तोच आपला आवाज. कुजबुजलं की धड थरथरत नाहीत, ताण मात्र पडतो. आणि तूप? गिळताना डबीवर झाकण पडतं आणि सगळं मागच्या अन्ननलिकेतून पोटात जातं. एखादा थेंब चुकून डबीत गेला तर ठसका लागेल! तेव्हा तूप वरणावर घे आणि पाटीवर लिही. सूज उतरली की आवाज येईल असं डॉक्टर म्हणाले. तोवर काकांना बोलू दे.

सर्वांना नमस्कार. रागावू नकोस, लळा कमी करू नकोस.
तुझी कुंदा

चोपडा, १८ ऑगस्ट

चि. कुंदास अनेक आशीर्वाद.

पहिला आठवडा घर खायला उठलं. मग तुझं पत्र आलं, ते यांनी मोठ्याने वाचून दाखवलं आणि तिथून यांची गाडी सुरूच झाली. केळीच्या बागेचं सांगून झालं, लहानपणाचं झालं. लग्नात मला बघून हे हार घालायचेच विसरले आणि यांच्या मामांनी मागून कोपर मारलं, हे मला काल कळलं! इतकी वर्षं का सांगितलं नाही असं पाटीवर विचारलं, तर म्हणाले, तू मध्ये थांबलीस कधी? मला हसू आवरेना.

पंधरा दिवस उलटून गेले म्हणून आज गोठ्यात गाईला हाक मारून पाहिली. आवाज आला गं, खणखणीत! मी रडलेच. रविवारी कानबाईपुढे गाणार.

पण यांना अजून सांगितलेलं नाही. रविवारपर्यंत यांच्यापुरती मी मुकीच. तू उत्तरात आवाजाबद्दल अवाक्षर काढू नकोस. पत्र तुझे काकाच वाचून दाखवतात.

तुझ्यावर जीव असलेली,
कमलमावशी