सासू-सुनेचं एकच माहेर

॥ श्री नरसिंह प्रसन्न ॥

पिंपळी, ता. बारामती
५ जानेवारी २०२६

चि. सौ. भामास प्रयागबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. ऊस कारखान्याला गेला. बाकी देवाची कृपा. पण सून आणि नात तुझ्याकडं, त्यामुळं घर सुनं आहे.

छकुलीला जन्मापासून ऐकू येत नाही, हे सुनेच्या माहेरकडून आलं, असं मी स्वरूपाला बोलले. ती चार वर्षांच्या पोरीला उचलून तुझ्याकडं नरसिंहपूरला गेली. आता आधी दिलेल्या रक्ताचा अहवाल आलाय. दोषाचं जनुक दोन्हीकडून आलंय; स्वरूपाकडून आणि आमच्या ऋषिराजकडून. हट्टानं भावाची लेक सून करून आणली मी, आणि नावं ठेवली ती माझ्याच बापाच्या घराला!

डॉक्टर म्हणाले, याच दोषावर नव्या उपचाराची चाचणी चालू आहे. रोग न करणाऱ्या विषाणूबरोबर चांगल्या जनुकाची प्रत कानात सोडतात. वीस तारखेच्या आत आईबाप दोघांच्या सह्या हव्यात. लेकीला पाठव. माझं तोंड बघायचं नसेल, तर मी कन्हेरीला जावेकडं राहीन.

लोभ आटला असेल, पण पार कोरडा करू नकोस.

तुझी वन्सं,
प्रयागबाई

नरसिंहपूर, ता. इंदापूर
१० जानेवारी

ति. वन्संना शि. सा. नमस्कार.

पत्र तुमच्या भावाला वाचून दाखवलं. ते हसले, म्हणाले, अक्का अखेर स्वतःच्याच माहेरावर घसरली. मला हसू आलं नाही. तुमचं ते बोलणं आठवून माझी लेक भरल्या ताटावरून उठायची.

आता तिला राग नाही, भीती आहे. म्हणते, उपचार करूनही ऐकू आलं नाही, तर आत्या पुन्हा मलाच बोलतील. छकुली हातांच्या खुणांनी सगळं सांगते. त्या खुणा बंद करायच्या नाहीत आणि तुम्हीही शिकायच्या, ही तिची अट. कबूल असेल तर रविवारी ऋषिराजला धाडा. कन्हेरीचं नाटक नको. सून आली की सासू पळाली, असं गाव म्हणेल.

राग सरतोय, माया होती तेवढीच आहे, तुमचीही असू द्या.

तुमची,
भामा

पिंपळी
२८ मार्च

चि. सौ. भामास अनेक आशीर्वाद.

उजव्या कानात औषध सोडून सहा आठवडे झाले. गुण येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. महिनाभर काहीच नव्हतं. मी स्वरूपाला एक शब्द बोलले नाही. देवाला मात्र बोलले. खुणा शिकतेय. मी भाकरी मागते, छकुली पाणी आणते, मग माझी बोटं धरून नीट करते. मास्तरीणच!

परवा ती दारात पडली, गुडघा खरचटला. रडता रडता एकदम थांबली आणि कोण रडतंय म्हणून मागं वळून पाहिलं. पुन्हा रडली, पुन्हा थांबली. मग स्वतःच्या गळ्यावर हात ठेवून मुद्दाम आवाज काढला आणि हसली. स्वरूपा माझ्या गळ्यात पडली.

डॉक्टरांनी तपासलं. उजवा कान ऐकू लागलाय. बोलणं समजायला वेळ लागेल, डाव्याचं पुढं बघू म्हणाले. तुम्ही दोघं या आता, पण या गलक्यात बोलणं व्हायचं नाही. सकाळपासून पोर नुसती ओरडतेय आणि घरात कुणी तिला गप्प बस म्हणत नाही.

तुझ्या मायेची भुकेली,
प्रयागबाई