दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीसाठी काठी

मु. नेल्सन, गुरुवार
(पाऊस, म्हणून घरी)

ती. डोरीनवहिनींच्या सेवेशी,

धाकट्या दिराचा नमस्कार. (साष्टांगच घातला असता, पण गुडघा एकदा वाकला की सरळ करायला कुणीतरी हाताशी लागतं, आणि घरात मी एकटा.) तुमचा खुबा कसा आहे? मोर्कमची हवा मानवते ना? तुमच्या हातातला तळलेला मासा पळवणारा तो समुद्रपक्षी अजून त्याच कठड्यावर बसतो की त्याला धडा शिकवलात? (शिकवलाच असणार. दादासारख्या माणसाला तुम्ही लग्नानंतर पहिल्याच हिवाळ्यात सरळ केलं, तिथे पक्ष्याची काय कथा.) मी इकडे खुशाल आहे, म्हणजे शिडीवरून पडलेला माणूस जितका खुशाल असू शकतो तितका.

पडलो तो व्हिटेकरबाईंच्या रुबार्बच्या वाफ्यात. वाफा मऊ म्हणून मी वाचलो. रुबार्ब मात्र गेला, आणि बाईंनी आधी त्याचीच विचारपूस केली. मग डॉक्टरीणबाईंनी गुडघा दाबून पाहिला, मी ओरडलो, आणि त्यांनी शिडी कायमची बंद करून टाकली. खिडक्याच धुवायच्या असतील तर आता पाण्याची काठी घ्या म्हणाल्या. ही काठी तुम्ही तिकडे पाहिली असेलच. माणूस जमिनीवर, काठी आभाळात, टोकाला ब्रश. गाडीतल्या टाकीतलं गाळून गाळून शुद्ध केलेलं पाणी नळीतून वर जातं. घासायचं, धुवायचं आणि काच ओलीच सोडून चालू पडायचं, पुसायचं म्हणून नाही. (यावर आमची गिऱ्हाइकं भलतीच नाराज. मी म्हणतो, या पाण्यात काही नाहीच, तर डाग कसला पडणार? ती म्हणतात, काही नाहीच, तर आम्ही पैसे कशाचे मोजायचे?)

पण वहिनी, मला शिडी सुटल्याचं दुःख झालं ते वेगळ्याच कारणानं, आणि तुमच्यापासून काय लपवायचं. त्या मीट-पायच्या, म्हणजे खिम्याच्या भाजक्या कचोऱ्यांच्या, दुकानावर दुसऱ्या मजल्यावर मिस ग्लेन्डा हेस्केथ राहते, लग्नाचे झगे शिवते. खिडकी रंगानं चिकटून कायमची बंद, खाली दुकानाच्या पंख्याची घरघर, त्यामुळे इतक्या वर्षांत तिचा आवाज म्हणून मी ऐकलेला नाही. तरी आमच्या गप्पा मात्र भरपूर. तिची आई आणि आमची आई दोघी मागावरच्या. कापडगिरणीच्या त्या खडखडाटात बायका ओठांवरून बोलायच्या, ते तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही स्वतः चार माग सांभाळलेत. त्या घरीही तशाच बोलायच्या, म्हणून आम्हा दोघांनाही ते येतं. दर महिन्याला मी शिडीवर, ती काचेआड, आणि गावातल्या एकूण एक माणसाची बिनआवाजी निंदा. मला ती आवडते, वहिनी. फार आवडते. शिडी गेली म्हणजे तिच्या खिडकीशी जायचं निमित्तच गेलं, आणि त्या धास्तीनं मला जेवण जाईना. (मीट-पाय सोडून. ते तिच्या खालच्याच दुकानातलं असतं.)

म्हणून काठी निवडायला बर्नलीला गेलो. दुकानदार ऑर्मरॉड भला माणूस, त्यानं मागच्या अंगणात काठ्या मांडल्या आणि पहिलंच सांगितलं की काठी रोजच्या खिडक्या पाहून घ्यावी, वर्षातून एकदा लागणाऱ्या उंच खिडकीसाठी लांब काठी घेतली तर रोज खांदे रडतात. मी मान डोलावली आणि सगळ्यात लांब कुठली ते विचारलं. पहिली होती काचतंतूंची. स्वस्त आणि मजबूत, पण पूर्ण लांब केली की शनिवारी रात्री पबमधून निघालेल्या माणसासारखी झुलायची. मी नेम धरला ऑर्मरॉडच्या खिडकीवर आणि धुऊन काढली शेजाऱ्याची मांजर. दुसरी अर्धी काचतंतूंची, अर्धी कार्बनची. तिचे भाग धरून ठेवणारा एक चिमटा सैल होता, म्हणून वरचा अख्खा भाग सरसरत खाली आला तो माझ्या अंगठ्यावर. तिसरी निव्वळ कार्बनची, हलकी आणि ताठ. ती हातात घेतली आणि मला दिसलं की हिचा ब्रश दुसऱ्या मजल्यापर्यंत न थरथरता जाईल. ऑर्मरॉड म्हणाला, अहो, तुमच्या फेरीवर तर सगळ्या खिडक्या पहिल्या मजल्यापर्यंतच! मी म्हटलं, एक सोडून. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पावती फाडली.

आता मंगळवारची हकिकत. काठीवाले आदल्या संध्याकाळी गिऱ्हाइकांना निरोप धाडतात की बाबांनो, उद्या खिडक्या लावून घ्या. मी जन्माचा शिडीवाला, मला ही सवय नाही. ग्लेन्डाच्या त्या चिकटलेल्या खिडकीचं वरचं छोटं झडप, उघडतं ते तेवढंच, इस्त्रीच्या वाफेसाठी उघडं होतं, ते मला खालून काय दिसणार? ब्रश काचेला भिडला, ती काचेआड आली. माझी मान मागे, डोळ्यांत थेंब, आणि तिचे ओठ हलले. मी स्वच्छ वाचलं: मस्त! पुढे! मी जोर वाढवला. ती पुन्हा म्हणाली. मी आणखी वाढवला, झडपाच्या कोपऱ्यात तर अगदी मायेनं घासलं. ती दोन्ही हात हलवू लागली, मीही एक हात हलवला.

ती म्हणत होती, बस! पुरे!

(ब आणि म ओठांवर जुळी भावंडं असतात हे तुम्हाला ठाऊक आहे. समोरून पाहिलं तर गालावरून ओळखू येतात, पण फुटपाथवरून पाहिलं तर त्यांच्या आईलाही ओळखू येणार नाहीत.)

मग ती खाली आली. वहिनी, मी तिला आजवर कमरेपर्यंतच पाहिलेली. ती माझ्याहून चांगली वीतभर उंच निघाली, आणि आवाज असा की पंख्याची घरघर त्याच्यापुढे अंगाई वाटावी.

"अहो शॉरॉक! डोळ्यांच्या जागी बटणं शिवलीत का? शनिवारी लग्न आहे त्या पोरीचं आणि तुम्ही तिच्या झग्याला आंघोळ घालताय!"

"शुद्ध पाणी आहे हो. डाग म्हणून पडायचा नाही."

"पडला तर तुम्हालाच त्या झग्यात शिवून चर्चमध्ये उभं करीन. आणि हे काय नवीन? आधी माणूस यायचा खिडकीशी, आता नुसता झाडू पाठवता?"

मी गुडघ्याची कहाणी सांगितली, डॉक्टरीणबाईंचं नाव पुढे केलं.

"शिडी बंद केली ना तिनं? जिना बंद केलाय का?"

इतक्या वर्षांत त्या घराला जिना असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुकानातली गिऱ्हाइकं मीट-पाय खायची थांबून ऐकत होती. ती पाय आपटत वर गेली आणि मी नळी गुंडाळायला लागलो.

तर वहिनी, पत्राचं कारण इतकंच की ऑर्मरॉड या आठवड्यात काठी बदलून द्यायला तयार आहे. ठेवू की आखूड घेऊ? तुमचा शब्द मला प्रमाण.

तुमचा आज्ञाधारक दीर,
नेव्हिल

ता. क. काठी ठेवतोय, तो प्रश्न सोडून द्या. खरं काम असं की काल संध्याकाळी मी झग्याची चौकशी करायला गेलो होतो. जिन्यापाशी दोनदा जाऊन परतलो, पाय उचलेना. (मी! ज्यानं गिरणीच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाची काच पुसलीय!) शेवटी समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. तिनं झगा काचेला धरून दाखवला, एक डाग नाही, आणि ती हसली. त्या हसण्यानं मला काय झालं कोण जाणे, मी ओठांनीच विचारून टाकलं, "माझी होशील?" ती एकच शब्द बोलली आणि खिडकीपासून बाजूला झाली. तो शब्द एक तर "बरं" होता, नाही तर "मर". शनिवारी पहिल्या गाडीनं या आणि माझ्या शेजारी उभ्या राहा, मी तिला पुन्हा बोलायला लावतो. तुमच्याइतके ओठ कुणाला वाचता येत नाहीत.

ता. क. आणखी एक. रात्रभर विचार करताना लक्षात आलं की मी खाली, काच संध्याकाळची, माझं "माझी होशील" तिला "बाजूस होशील" दिसलं असेल. आणि ती बाजूस झालीच की हो!

ता. क. पाऊस थांबला म्हणून पत्र पेटीत टाकायला निघालो, तो पाय आपसूक त्या जिन्यानं वर गेले. मोठ्यानं विचारलं, स्वतःच्या आवाजात. वहिनी, तो शब्द "मर"च होता, मी बरोबर वाचला होता. आज तिनं पुरा म्हणून दाखवला: "मर मेल्या, किती वर्षं लावलीस!" आणि माझ्यापुढे चहा ठेवला. तर शनिवारी याच, पण ओठ वाचायला नको, आमच्या लग्नाचं ठरवायला. येताना ती निळी टोपी आणा, चर्चमध्ये घालता ती.